गोल चंद्र आणि निर्मलाची बांगडी

मी फक्त चंद्र गोल करायला गेलो होतो. त्यातून बायकोच्या बचत गटाचं जे झालं, त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडणारे लोक आमच्या झरी गावात आजही आहेत. त्यांना चित्रातलं काही कळत नाही, एवढंच म्हणतो.

झालं असं, मी नवा रुंद मॉनिटर घेतला आणि त्यावर डॉसचा जुना गेम लावला. डहाणूच्या कॉम्प्युटर क्लासात मी तो सर येईपर्यंत खेळायचो. समुद्र, गलबत आणि वर पौर्णिमेचा चंद्र. क्लासातल्या फुगीर काचेच्या मॉनिटरवर तो चंद्र गरगरीत दिसायचा. नव्या मॉनिटरवर मात्र त्याच्यावर कोणीतरी बसून उठल्यासारखा दिसत होता. कारण सोपं आहे. जुना पडदा जवळजवळ चौरस होता, नवा लांबलचक. जुनं चित्र त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलं, की सगळंच चपटं होतं.

हे मी तलासरीच्या ऑफिसात धनेशला समजावलं. धनेश माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. तोही जुने गेम खेळतो, पण ताणून. वर म्हणतो, "पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत, तर पूर्ण पडदा वापरणार." अशा माणसाशी काय बोलायचं? हा स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओसुद्धा ताणून बघतो आणि बायकोला म्हणतो, बघ, तेव्हापासूनच तुझी तब्येत चांगली. (ती अजून माहेरी गेलेली नाही, हे नवल.)

मी मॉनिटरच्या मेनूत शिरलो आणि पडदा दोन्ही बाजूंनी आत ओढला. कडेला काळ्या पट्ट्या आल्या, मधे जुन्या मापाचं चित्र आलं. पण चंद्र खरोखर गोल झाला का, हे नुसत्या डोळ्यांवर सोडणारा मी नव्हे. मी बायकोकडे, म्हणजे निर्मलाकडे, बांगडी मागितली.

"कशाला?"

"चंद्र मोजायचाय."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग कपाटातल्या डब्याच्या तळातून एक पितळी बांगडी काढून दिली. मी ती पडद्यावर धरून मेनूत थोडं आत, थोडं बाहेर केलं आणि चंद्र बांगडीत चपखल बसवला. मला भरून आलं.

निर्मला मागे उभी होती. "दोन्ही बाजूंनी बंद पडला का हो हा?"

"बंद नाही पडला. त्या पट्ट्या म्हणजे शिस्त आहे."

"एवढी शिस्त हवी होती तर छोटाच घ्यायचा ना."

मी बांगडी मॉनिटरशेजारीच ठेवून घेतली; कला पुन्हा कधी मोजावी लागेल, सांगता येत नाही.

आता बचत गटाकडे येतो. निर्मला बचत गटाची सचिव आणि शेजारच्या हिराबाई अध्यक्ष. गटाच्या बायकांनी चिकू कापून, वाळवून चिप्स केल्या होत्या आणि डहाणूच्या प्रदर्शनात स्टॉल घेतला होता. मुंबईच्या एका दुकानाच्या मालकीणबाई तिथे येणार होत्या. त्यांनी माल उचलला, तर सगळ्याजणींना वर्षभर हाताला काम मिळणार होतं. निर्मला झोपेतसुद्धा चिकूंबद्दल बोलत होती.

बरणीच्या झाकणावर लावायचं गोल लेबल धनेशनं फुकट करून दिलं होतं. मधे चिकू, शेजारी हसऱ्या हिराबाई. निर्मलानं पेनड्राइव्ह माझ्या हाती ठेवला. "एवढं चिमणभाईंच्या प्रेसला पाठवा. बाकी काही करू नका."

त्यातलं दुसरं वाक्य मला आता स्पष्ट आठवतं.

मी लेबल उघडलं आणि हसू आवरेना. गोल कसलं, उभं अंडं होतं ते. हिराबाईंची हनुवटी थेट पदरापर्यंत गेलेली. ज्याला आकाशातला चंद्र गोल ठेवता येत नाही, तो लेबल काय गोल करणार? मी बांगडी घेतली, पडद्यावर धरली आणि ते अंडं दोन्ही कडांनी ओढत ओढत बांगडीत भरलं. मग प्रेसला पाठवून दिलं. धनेशची लाज राखली, असंच मला वाटलं.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं. चंद्रासाठी दाबलेला पडदा त्यावर येणारी प्रत्येक गोष्ट दाबत होता. धनेशचं लेबल गोलच होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी लेबलं आली. हिराबाईंनी गठ्ठा सोडला आणि एक लेबल स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरलं.

"माझा तोंड असा आहे?"

"आणि हा बटाटा कोणी टाकला?" निर्मलानं विचारलं. तो चिकू होता.

मी तडक चिमणभाईंना फोन लावला आणि आवाज चढवला.

"तुम्ही दिला तसाच छापला, भाई," ते म्हणाले. "मी विचारला पण, एवढा आडवा कशाला? तुम्ही बोलले, प्रेसच्याच मॉनिटरमध्ये खोट आहे."

मी तसं बोललो होतो. फोन स्पीकरवर होता.

निर्मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बरण्या पुसत राहिली आणि तिचे डोळे भरले. मला फार वाईट वाटलं. (धनेशला फोन करून कबूल करावं इतकं नव्हे, पण वाटलं.) नवी लेबलं छापायला वेळच नव्हता. आडवी लेबलं झाकणावर मावेनात, म्हणून बायकांनी ती बरण्यांच्या पोटावर चिकटवली.

सकाळी मालकीणबाई आल्या. त्यांनी बरणी उचलून समोर धरली आणि खूश झाल्या. "गोल लेबल बरणीवर गुंडाळलं की समोरून उभट दिसतं. सगळ्या स्टॉलवर तेच. तुम्ही आधीच आडवं छापलंत, म्हणून तुमचंच तेवढं गोल दिसतंय. कल्पना कोणाची?"

खरोखरच, बरणीच्या गोलाईवर हिराबाईंचा चेहरा अगदी हिराबाईंसारखा दिसत होता. चिकूसुद्धा पुन्हा चिकू झाला होता. मी शर्ट खाली ओढून पुढे झालो.

"याचीच कल्पना," हिराबाई म्हणाल्या. "फक्त याला माहीत नव्हती."

ऑर्डर मिळाली. परतताना टमटममध्ये निर्मला पहिल्यांदा हसली. संधी साधून मी खिशातून बांगडी काढली. "बाकी काही म्हण, पण हिच्यामुळे माझा चंद्र तंतोतंत गोल झाला."

निर्मलानं ती बांगडी माझ्या हातातून घेतली, डोळ्यांसमोर धरली आणि परत दिली.

"अहो, ही तर दाराच्या फटीत अडकून चेपलेली. चांगली बांगडी तुमच्या हातात दिली असती का मी?"