आसराजी नानांची ओहोटी

अमावास्येच्या सकाळी सोपानच्या चहाच्या टपरीवर आसराजी नाना जाहीर करतात, "आज पाणी लई मागं गेलं." आमचं गाव तलवाडा. इथून समुद्र गाठायचा तर गाड्या बदलत रात्र काढावी लागते. गावात नवा माणूस असला तर तो घरी जाऊन आपल्या विहिरीत डोकावून येतो.

सोपान त्यांना सोडत नाही. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. "नाना, गंगेचं काय म्हणणं हाय मग?"

नाना चहा बशीत ओततात. "गंगेला भरती-ओहोटी न्हाई, बे. तिला धरण हाय."

नाना माझे शेजारी. मी बाजार समितीत हिशेब लिहितो आणि ऐकीव गोष्ट पडताळल्याशिवाय मानत नाही. म्हणून नानांची मुलगी सुरेखा, जी मालवणकडे दिलेली आहे, तिला फोन करून विचारलं. नाना बरोबर होते. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला समुद्र नेहमीपेक्षा बराच आत सरतो. एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. त्यांच्यावर तपकिरी शेवाळाची गुडघ्याएवढी झुडपं असतात. पाऊस संपल्यापासून शिमग्यापर्यंत ती कापायची, गोड्या पाण्यात धुवायची, जाळ्यावर वाळवायची आणि खायला ठेवायची. दहा किलो ओल्याचं वाळून दीड-दोन किलो होतं, असं नाना म्हणायचे. तेही मी विचारून घेतलं.

नाना त्या झुडपाचं वर्णन सोयरीक जुळवत असल्यासारखं करतात. त्याला मूळ नसतं, खडकाला धरून बसायला खाली एक टिकली असते. फांद्यांना ज्वारीच्या दाण्याएवढे हवेचे फुगे असतात, म्हणून ते पाण्यात उभं राहतं. थंड मुलखातल्या समुद्रात ह्याच्या भावकीतल्या शेवाळाचे पट्टे माणसापेक्षा लांब वाढतात, तिथं होडीतून कापणी करतात. "आपला समिंदर कोमट. म्हून आपलं बारकं. पर चवीला कमी न्हाई." चवीबद्दल मतभेद आहेत. त्यांनी दिलेली पूड आमच्या घरी वरणात घातली, तेव्हा मंडळी म्हणाली की वरणाला तळ्याचा वास येतोय. नाना दोन वाट्या प्यायले आणि मीठ कमी घालायला सांगून गेले.

एवढं समुद्राचं वेड असलेला माणूस मुलीकडे मात्र जात नव्हता. सुरेखा बोलवायची, नाना "बघू" म्हणायचे.

कारण मला सुरेखाकडूनच कळलं. नानांनी सारी उमर साखर कारखान्यांवर ऊस तोडला. ऊस जमिनीसरशी तोडायचा असतो. गोडी बुडख्यात असते, आणि खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांचं पुढचं पीकही, जमिनीतून चांगलं फुटतं. बोटभर उंच राहिला तरी मुकादम आईबाप काढतो. नानांचं रान तोडून झालं की दाढी केल्यासारखं दिसायचं. पुढे बायको वारली, कोयता सुटला आणि सुरेखा त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. जावई तिकडचाच. कारखान्यावर वायरमन होता, तिथंच दोघांचं जमलं होतं. आता तो मासेमारीला जातो.

तिथल्या बायकांनी शेवाळाचे खडक आपसात वाटून घेतले आहेत. सुरेखा घाटावरची, तिला पोहताही येत नव्हतं. बायकांनी बराच काळ तिला नुसतं वाळवणावर ठेवलं. शेवटी एक खडक दिला. पहिल्याच कापणीला पोर तापलं, म्हणून ती घरी थांबली. मुलीला मदत म्हणून नाना एकटेच गेले. स्वतःचा कोयता घेऊन गेले. ओहोटी संपायच्या आत त्यांनी सगळा खडक बुडापासून तासून काढला.

बायका आल्या तेव्हा नाना शाबासकीची वाट बघत उभे होते. कोणी ओरडलं नाही. एका म्हातारीने खडकावरून फक्त हात फिरवला. ती खालची टिकली आणि थोडा देठ राखला तरच झुडूप पुन्हा वाढतं, हे नानांना संध्याकाळी सुरेखाने सांगितलं. त्यांनी तिथूनच बसस्टँड गाठला.

मी एकदा नानांना म्हटलं, सुरेखा सांगते की खडक पुन्हा भरलाय, मग जा की.  ते म्हणाले, "ऊस आसता तर फिरून लावून दिला आसता. ह्याचं बेणं कुठनं आणू?"

यंदा माघात सुरेखाचा फोन माझ्याकडे आला. तिची कंबर धरली होती, नवरा बोटीवर होता. पौर्णिमेला कापणी झाली नाही तर खडक दुसरीला जाणार होता. मी नानांना तेवढंच सांगितलं. त्यांनी पिशवी भरली, पण मी सोबत यावं असं म्हणाले. मी रजा टाकली.

पौर्णिमेच्या पहाटे आम्ही दोघं सुरेखासोबत खडकावर पोचलो. झुडपं आली होती, पण विरळ, आणि मधे मोठं टक्कल तसंच होतं. सुरेखाने फोनवर सांगितलं होतं तसं काही नव्हतं. ती वडिलांकडे बघेना. नाना त्या मोकळ्या जागेपुढे थांबले. शेजारच्या खडकांवर बायकांचे विळे चालू होते, आणि त्या आमच्याकडे बघत नव्हत्या, म्हणजे बघतच होत्या.

सुरेखाने विळा पुढे केला. नानांनी तो घेतला, पण वाकले नाहीत.

"सुरे, कुठं कापू?"

ती कंबरेवर हात ठेवून हळूहळू खाली बसली. झुडपाच्या बुडाशी खडकावर चार बोटं आडवी टेकवली. "ह्याच्या वर, नाना."

नानांनी तिच्या हाताशेजारी आपला हात टेकवला. ऊस तोडून त्यांची बोटं तिच्या दीडपट जाड झालेली. दोन्ही हात त्यांनी नीट पाहिले.

"माज्या बोटानं मापतो," ते म्हणाले. "तेवढं जास्तीचं ऱ्हाऊ दे टिकलीवर."

मग त्यांनी पहिलं झुडूप कापलं. सुरेखाने ते टोपलीत घेतलं. बायकांच्या टोपल्या भरत आल्या होत्या, भरती लागायला फार वेळ नव्हता, आणि नाना प्रत्येक झुडपापाशी हात टेकवून मगच विळा लावत होते.