कडक भाकरीचा भूगोल

आमच्या समोरच्या गुंडेटी मॅडम माझ्या लग्नाच्या वरातीत बँडवाल्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या होत्या. त्याचं गाव कुठलं आणि ते सोडून तो सोलापुरातच का आला, हे कळेपर्यंत त्यांनी वरात हलू दिली नाही. नवरदेव मी, घोड्यावर घाम पुसत बसलेला.

मॅडम भूगोल शिकवून निवृत्त झाल्या, पण त्यांचं "हितंच का?" काही निवृत्त झालं नाही. कोपऱ्यावरच्या शांताबाई भाजी घेऊन तिथंच का बसतात, दवाखान्यासमोरच रिक्षा का थांबतात, सगळ्यांची उलटतपासणी. गल्ली त्यांना टाळायची. मी तर आधी गॅलरीतून बघून मगच बाहेर पडायचो.

पण माझी बायको सुनंदा बारावीला भूगोलातच दोनदा आपटली. बारावी झाल्याशिवाय तिला अंगणवाडीची नोकरी मिळणार नव्हती. "आता नापास झाले तर पुस्तकाला हात लावणार न्हाय," म्हणाली. शेवटी आम्ही मॅडमचं दार वाजवलं.

मॅडमनी पुस्तक बाजूला सारलं आणि ताटात कडक भाकरी मोडली. मधे शेंगाचटणीचा ढीग, भोवती दाटीनं तुकडे. "मधी विहीर हाय, म्हणून घरं जवळजवळ. ही केंद्रित वस्ती." मग तुकडे ताटभर पांगवले. "जो तो आपल्या रानात. ही विखुरलेली." मग चटणीची लांब रेघ ओढून तिच्या कडेनं तुकडे मांडले. "हा मैंदर्गीचा रस्ता. ही रेषाकृती. आता सांग, घरं हितंच का?"

उत्तर बरोबर आलं तरच तुकडा तोंडात. सुरुवातीला सुनंदा घरी येऊन पोटभर जेवायची. पुढे तिला भूकच लागेना, तेव्हा मी ओळखलं की अभ्यास चांगला चाललाय.

स्थलांतर शिकवताना मॅडमनी स्वतःचंच घर उदाहरणाला घेतलं. "आजोबांना हातमागाच्या कामानं तेलंगणातून हितं ओढलं. पोराला नोकरीनं पुण्याला ओढलं." एवढं बोलून त्यांनी एक तुकडा ताटाच्या पार कडेला सरकवला, असं सुनंदा म्हणाली.

आणि सुनंदा पास झाली की! भूगोलात सगळ्यात जास्त गुण. मी गल्लीत फटाक्यांची माळ लावली आणि पेढे घेऊन आम्ही मॅडमकडे गेलो. तिथं त्यांचा मुलगा बसलेला. आईला कायमचं पुण्याला न्यायला आला होता.

"अम्मा, तिथं लिफ्ट आहे, बाग आहे. इथं एकटीनं कशाला राहायचं?"

आमची बायको नुकतीच पास झालेली, तिला राहवेना. "मॅडम, तुमी हितंच का?"

मी तिला कोपर मारलं. मॅडमनी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला. मग हळू म्हणाल्या, "तितं आठ दिवस राहिले. कुणी दार वाजवलं न्हाय. वाजली ती कुरियरवाल्याची बेल." इतकी वर्षं समोर राहून ही बाई किती एकटी आहे, हे मला त्या क्षणी कळलं, आणि फार वाईट वाटलं.

तेवढ्यात दार वाजलं. शांताबाई, त्यांची सून आणि मागे गल्लीतल्या आणखी दोघी, काखेत बारावीची पुस्तकं.

"मॅडम, आमच्या सुनेचा बी भूगोल राहिलाय. ह्या दोगींचा बी."

मॅडमनी डोळे पुसले, पदर खोचला आणि मुलाकडे वळल्या. "उठ. आतनं भाकरी आण. लई आण."

मुलानं आईच्या सामानासाठी आणलेली बॅग कोपऱ्यात सरकवली आणि भाकरीची अख्खी चळत घेऊन आला.