एक्केचाळीस, पंखा ठीक

कांबळे काकांना 'कसे आहात?' असं विचारलं, की ते 'एक्केचाळीस' असं उत्तर देतात. नवखा माणूस घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावायला जातो. आम्हा धायरीच्या सोसायटीतल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे, की हे त्यांच्या कॉम्प्युटरचं तापमान आहे. स्वतःच्या तब्येतीबद्दल हा माणूस अवाक्षर काढत नाही.

काका माझ्या वरच्याच मजल्यावर राहतात, एकटे. नोकरी होती बॉयलर इन्स्पेक्टरची. कारखान्या-कारखान्यांतून फिरत बॉयलरचा दाब तपासण्यात उभा जन्म गेला. निवृत्तीनंतर बॉयलर सुटले, काटे बघायची सवय सुटली नाही. "आकडा काय म्हणतो?" हे ते इस्त्रीवाल्यालाही विचारतात.

मे महिन्यात माझा कॉम्प्युटर चालता चालता बंद पडायला लागला. मी घरी बसून भाषांतरं करते, त्यावरच माझं पोट. हे मी जिन्यात काकांजवळ बोलले, ही माझी चूक.

"तापत असेल. आकडा काय म्हणतो?"

"मला कुठे दिसतोय आकडा?"

"दिसत नाही? म्हणजे डोळे बांधून बॉयलर चालवताय, मॅडम!"

दहा मिनिटांत स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर. माझ्या मशीनवरचं विंडोज काढून लिनक्सही त्यांनीच घातलेलं, त्यामुळे मला तोंड उघडायला जागा नव्हती. त्यात म्हणे एक प्रोग्राम असतो. मशीनच्या आत तापमान आणि पंख्याचे फेरे मोजणारे सेन्सर असतात, ते तो हुडकून काढतो. पण दर पावलाला परवानगी मागतो, हे तपासू का, ते तपासू का. शहाणा माणूस एंटर दाबत सुटेल. काका प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचायचे, चष्मा काढून विचार करायचे आणि मग एकेक अक्षर शोधत 'यस' टाइप करायचे. दीड तास गेला. दोनदा चहा झाला.

अखेर आकडे उमटले. मी किंचाळलेच. "काका, हा एकशे सत्तावीस दाखवतोय!"

"तो सेन्सर कशालाच जोडलेला नाही. उगाच बोलतो. सोसायटीच्या मीटिंगला असतात ना काही जण, तसा."

खरा आकडाही नव्वदच्या वर होता. पंख्यात धुळीचं बोट-बोट जाड अस्तर बसलेलं. काकांनी ते माझ्याच रंगकामाच्या ब्रशनं झाडलं आणि आकडा उतरला. मी आभार मानून दाराकडे बघितलं. ते उठेनात. मशीन तापलं की शिट्टी वाजेल, असा अलार्म लावूनच गेले.

दुसऱ्या दिवशी मी ऐन कामात असताना पुन्हा आले, मशीनचं झाकण उघडलं आणि चालत्या पंख्यात पेन्सिल घालून तो थांबवला.

"अहो, काय करताय!"

"अलार्म लावला की एकदा मुद्दाम वाजवून बघायचा असतो. नाहीतर तो अलार्म नव्हे, शोभेची वस्तू."

शिट्टी वाजली. पाठोपाठ मशीन बंद पडलं आणि सेव्ह न केलेली माझी चार पानं गेली. काका मात्र खूश. "टेस्ट पास!"

एवढ्यावर थांबले तर ते काका कसले. त्यांनी स्वतःच्या मशीनवरून मला आपोआप मेसेज यायची सोय केली. रोज सकाळी सातला ते कॉम्प्युटर चालू करणार आणि माझ्या फोनवर येणार, 'एक्केचाळीस. पंखा ठीक.'

"मला कशाला?"

"असू दे. आला नाही तर बघा जरा."

मी काय बघणार, कपाळ? आठवडाभर सोसलं आणि मग त्यांच्या मेसेजचा आवाजच बंद करून टाकला.

महिनाभरानं एका संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले.

"आज मेसेज पाठवला नव्हता."

"बरं." तव्यावर माझी पोळी करपत होती.

"मुद्दाम नव्हता पाठवला. दिवसभर घरातच होतो. दाराची कडी काढून ठेवली होती. तुम्हाला आत येता यावं म्हणून." मग म्हणाले, "अलार्म वाजला नाही, मॅडम."

मी फोन काढला. त्यांचे सगळे मेसेज न वाचलेले, एकाखाली एक. त्यांनीही ते पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हरकत नाही," ते म्हणाले. "पहिल्या टेस्टला बरेच बॉयलर नापास होतात." आणि कठड्याला धरून सावकाश जिना चढून गेले.

रात्रीच मी त्यांच्या मेसेजचा आवाज पुन्हा चालू केला. दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला. एक्केचाळीस, पंखा ठीक. मी तो वाचला आणि वर जाऊन बेल वाजवली. दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला.

"मेसेज मिळाला नाही का?"

"मिळाला."

"मग? पंखा ठीक आहे."

"तो असू दे. तुमचा आकडा काय म्हणतो?"

काका शर्टाचं बटण लावता लावता थांबले. इकडेतिकडे पाहिलं.

"गुडघा दुखतो," ते म्हणाले. "दिवाळीपासून."