निरोगी गटाची जमवाजमव

विचार करणे ही माणसाची नैसर्गिक क्रिया आहे; मात्र विहित नमुन्यात, घड्याळ लावून आणि दोन प्रतींत केल्याखेरीज तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. हे तत्त्व आमच्या विभागाने फार लवकर ओळखलं. मी या विभागाचा कार्यालय अधीक्षक. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, क्ष-किरण विभागाचं जुनं सामान हलवून आम्हाला चार खोल्या देण्यात आल्या (सामान अजून हलवलेलं नाही).

विषय गंभीर होता. स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाला भास होतात, संशय येतात, हे लोकांना ऐकून माहीत असतं. पण औषधांनी भास ओसरल्यावरही बऱ्याच जणांचं लक्ष टिकत नाही, ऐकलेलं निसटून जातं, चार कामं ओळीने लावताना गोंधळ उडतो. घरचे म्हणतात, "आळशी झालाय." तो आळस नसून आजाराचाच भाग आहे, हे मोजून दाखवायचं असा आमच्या डॉक्टरबाईंचा प्रस्ताव होता. बाई हुशार होत्या. दोष एकच, त्या दिसेल ते लिहून ठेवायच्या.

प्रस्तावात दोन गट होते. 'अ' गटात तीस रुग्ण, आणि तुलनेसाठी 'ब' गटात तीस निरोगी माणसं. रुग्ण दीड महिन्यात मिळाले. निरोगी माणसांपाशी घोडं अडलं.

'अ' गटात सतरावा क्रमांक मास्तरांचा. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंप्याच्या दुकानातले, कापड बेतणारे. बारा वर्षं त्यांची कात्री एकदाही वाकडी गेली नव्हती. मग आजार आला. गठ्ठ्यातलं कापड नावाने हाका मारू लागलं. दोन वेळा रुग्णालयात राहावं लागलं. औषधांनंतर आवाज शेजारच्या घरातल्या रेडिओइतके उरले. लागला तर लागला. पण कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या. गिऱ्हाइकाचे हात मात्र जुन्या पद्धतीचे, एक डावा आणि एक उजवा असे निघाले. मालकाने कात्री काढून घेतली आणि मास्तरांना काज-बटणावर बसवलं. तीन वर्षं ते बटणंच लावत होते. मालक माणूस वाईट नव्हता. तो एवढंच म्हणाला होता, "डोकं चालतंय असा कागद आण आणि कात्री घे."

त्या कागदासाठी मास्तर आमच्याकडे आले. सोबत त्यांची थोरली बहीण होती. प्रत्येक वाक्याची सुरुवात "अहो, ऐका" अशी करण्याची तिची पद्धत पाहून सगळं कार्यालय दोन दिवसांत तिला ताई म्हणू लागलं.

"असा कागद आम्ही देत नाही," डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. "हे संशोधन आहे. पुढच्या रुग्णांना याचा उपयोग होईल."

"होऊ दे की," मास्तर म्हणाले. "पण माझं नेमकं काय चुकतं ते सांगाल ना? दुकानात नुसतं 'चुकलं' म्हणतात."

"सांगेन."

"मग बसतो."

वातावरण जड झालेलं पाहून मी मध्ये पडलो आणि सहभागाचं प्रमाणपत्र मिळतं, त्याला सोनेरी काठ असतो, असं सांगितलं.

"अहो, ऐका," ताई म्हणाल्या, "आणि काठाच्या आत काय असतं?"

हा प्रश्न कामकाजात घेतला नाही.

चाचण्या चार होत्या. पहिली, पंधरा शब्द ऐकून परत सांगणे. दुसरी, पडद्यावर एकामागून एक आकृत्या येतात, त्यात तारा आला तरच बटण दाबणे. तिसरी, पत्त्यांची वर्गवारी. यात मध्येच नियम बदलतो आणि 'चूक' असं ऐकून आपण तो ओळखायचा. चौथी, एका नकाशावर धोबी, औषधाचं दुकान, अकराला दाताचा डॉक्टर आणि बाराला बंद होणारा घड्याळजी यांना गाठून एक वाजता घरी पोचण्याचा बेत आखणे.

मास्तरांनी खिशातून वही काढली. वही चालत नाही, असा नियम होता. त्यांनी ती ताईंकडे दिली. शब्द सहा आले. उरलेल्यांबद्दल ते म्हणाले, "होते. गेले." ताऱ्यांच्या चाचणीत पहिली चार मिनिटं चोख, मग म्हणाले, "आता मला सगळेच तारे दिसतायत, थांबू का?" (थांबण्याची तरतूद नव्हती.) पत्त्यांत ते जुन्याच नियमाने बराच वेळ चालत राहिले. बेत आखायला अडतीस मिनिटं लागली आणि दाताचा डॉक्टर राहूनच गेला.

त्यांनी नकाशा पुढे सरकवला. "बाहीचं असंच होतं बघा," ते म्हणाले. "एक हातात धरली की दुसरी निसटते."

बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं. ताई खिडकीबाहेर पाहू लागल्या. मी पेन्सिलीला टोक करत बसलो (आमच्या कार्यालयात पेन्सिल वापरत नाहीत).

आता 'ब' गट. 'निरोगी व्यक्तींनी कार्यालयात संपर्क साधावा' अशी सूचना मी फलकावर लावली. दोन आठवड्यांत एकच गृहस्थ आले. ही सूचना कोणाला उद्देशून आहे याची त्यांना चौकशी करायची होती. शेवटी आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, आदेश काढला की सर्व कर्मचाऱ्यांना चालू महिन्याच्या एक तारखेपासून, पुढील आदेश होईपर्यंत, निरोगी समजण्यात यावे. रुग्णालयाच्या इतिहासात इतके लोक एका सहीने बरे झाल्याची दुसरी नोंद नाही.

सुरुवात माझ्यापासून झाली. पंधरापैकी अकरा शब्द मी एका दमात सांगितले. त्यातले चार यादीत होते. बाकीचे सात यादीत नाहीत, असं बाई म्हणाल्या. मी त्यांना यादी तपासून घ्यायला सांगितलं.

खरेदी अधिकाऱ्यांना पत्ते दिले. नियम बदलला. बाई 'चूक' म्हणाल्या. ते त्याच नियमाने पुढे गेले. बाई पुन्हा 'चूक' म्हणाल्या. चाळीस वेळा 'चूक' ऐकल्यावर त्यांनी पत्ते खाली ठेवले आणि शांतपणे विचारलं, "नियम बदलल्याचं परिपत्रक आहे का? दाखवा." चाचणी तिथेच संपली. नकाशा आला नियोजन विभागाच्या प्रमुखांकडे. त्यांनी एक तास नकाशाच्या मथळ्यावर विचार केला आणि धोबी व घड्याळजी यांच्यासाठी स्वतंत्र उपसमित्या सुचवल्या. सर स्वतः ताऱ्यांना बसले. तारे वीस आले. सरांनी एकशे बारा वेळा बटण दाबलं, त्यातलं बरंचसं फोनवर बोलताना. अहवालात याचा उल्लेख 'कार्यतत्परता' असा केला आहे.

महिनाअखेर एकोणतीस निरोगी तपासून झाले. तिसावा रजेवर गेला. बाईंनी तक्ता टेबलावर ठेवला.

"सर, निरोगी गट मागे पडतोय."

"कशात?"

"चारही चाचण्यांत. एकाच बाबतीत पुढे आहे. 'तुम्हाला किती जमलं असं वाटतं?' या प्रश्नाला रुग्णांनी सरासरी शंभरपैकी एकेचाळीस सांगितले, निरोगी लोकांनी चौऱ्याण्णव."

सरांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, निरोगी माणूस चुकतो तेव्हा ती चूक नसते. तो कामाचा व्याप असतो."

त्याच दुपारी सवलतींचं परिपत्रक निघालं. निरोगी व्यक्तीला वही वापरता येईल. सूचना दोनदा सांगण्यात येतील. थकवा आल्यास चहासाठी थांबता येईल. घड्याळ लावू नये. नियम बदलायचा असल्यास आगाऊ लेखी कळवावे. चाचण्या पुन्हा झाल्या, आकडे सुधारले, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

परिपत्रक फलकावर होतं आणि मास्तर रुग्णांच्या दुसऱ्या फेरीसाठी आले होते. ताईंनी ते उभ्याउभ्या वाचलं.

"अहो, ऐका. यांना वही चालते, मग माझ्या भावाला का नाही?"

मी समजावून सांगितलं, "ताई, वही ही निरोगी माणसाची सोय आहे. आजारी माणसाने वही काढली तर ते लक्षण धरतात."

"मग एकदा त्याला निरोगी धरून घ्या की. तुम्हा सगळ्यांना धरलंच आहे ना?"

मी नियम चाळले. मनाई कुठेच नव्हती. 'ब' गटाच्या अर्जात 'आजार आहे काय?' असा रकानाच नव्हता, कारण तो अर्ज निरोगी लोकांचा होता. शिवाय मला एक माणूस कमी पडत होता. बाई जरा घुटमळल्या. मग, "मी याची नोंद वेगळी ठेवणार," असं बजावून त्यांनी आम्हा सगळ्यांना आत घेतलं आणि दार लावलं.

मास्तरांनी वही उघडली. शब्द लिहून घेतले, त्यांचे गट पाडले. तारे पाहताना चौथ्या मिनिटाला विश्रांती मागितली, ती मिळाली. पत्त्यांचा नियम बदलण्याआधी त्यांना लेखी कळवलं, ते वहीत उतरवून त्यांनी तो पाळला. मग नकाशा. त्यांनी धोबी, दुकान, दात, घड्याळ अशा चार चिठ्ठ्या केल्या आणि कापडावर नमुने मांडावेत तशा टेबलावर मांडल्या. हलवल्या. पुन्हा हलवल्या. पाऊण तास गेला. कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही, कारण परिपत्रकानुसार ते कपाटात होतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या.

"दात धरून?"

"दात धरून."

"परत एकदा बघा."

बाईंनी परत पाहिलं. "सगळं बरोबर आहे, मास्तर."

मास्तरांनी चिठ्ठ्या एकेक उचलून खिशात ठेवल्या. ताईंनी बाहेर आल्यावर माझ्याकडे पाणी मागितलं आणि न पिता पेला हातात धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी नवा तक्ता पाहिला. "हा तिसावा कोण? सगळ्यात पहिला! असा माणूस आपल्याकडे आहे आणि मला पत्ता नाही? माझ्या शेजारच्या खोलीत बसवा त्याला." मी तातडीने सोनेरी काठाचं प्रमाणपत्र टपालाने रवाना केलं, 'निरोगी गटात सर्वप्रथम'.

चार दिवसांनी मास्तर ते घेऊन परत आले. थेट सरांच्या खोलीत गेले.

"साहेब, यात चूक आहे. मला आजार आहे. गोळ्या चालू आहेत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. (छताला ओल आली आहे, याबाबत स्वतंत्र पत्रव्यवहार चालू आहे.)

"दुकानात दाखवलं असतं तर कात्री मिळाली असती," ताई पुटपुटल्या.

"आणि उद्या परत बाही चुकली तर?" मास्तर म्हणाले. "मला हे नको, ताई. बाईंनी जे बघितलं ते लिहून द्या. तेवढंच."

बाईंनी साध्या कागदावर लिहिलं, "यांना एका वेळी एकच गोष्ट सांगावी. लिहून घेऊ द्यावी. थकले तर थांबू द्यावं. घाई करू नये. मग काम बरोबर होतं." त्यावर जावक क्रमांक नाही, शिक्का नाही, हे मी निदर्शनास आणलं. त्या म्हणाल्या, "राहू दे."

तो कागद मालकाने दोनदा वाचला, असं ताईंनी नंतर मुद्दाम येऊन सांगितलं. मग त्याने एक जुनी चादर आणि कात्री मास्तरांपुढे टाकली. "बेत." मास्तरांनी चादरीवर 'डावी' आणि 'उजवी' अशा चिठ्ठ्या टाचल्या आणि दोन बाह्या बेतल्या. मालकाने त्या स्वतःच्या हातांवर चढवून पाहिल्या, आरशासमोर जाऊन आला, आणि म्हणाला, "बटणं उद्यापासून दुसरा कोणी लावेल." पूर्वी मास्तर दिवसाला चार कोट बेतायचे, आता एक. मालक येईल त्या गिऱ्हाइकापाशी कुरकुरतो. पण दोन महिन्यांत एकही कोट परत आलेला नाही.

मीही कापड घेऊन गेलो होतो. कॉलर, खिसे, बटणांबाबतचं माझं एकंदर धोरण असं सगळं मी एका दमात सांगितलं. मास्तरांनी खडू खाली ठेवला. "साहेब, एका वेळी एकच." आणि ते थांबले. खरोखर थांबले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मला कॉलर कशी हवी आहे हे मलाच माहीत नाही. मी घाम पुसून घरी आलो. कापड अजून कपाटात आहे.

राहता राहिलं संशोधन. अहवाल (बाईंनी त्यात 'ब' गटाचे पहिल्या फेरीचे आकडेही जोडले होते) ज्या नियतकालिकाकडे पाठवला, त्यांनी आपुलकीने परत केला. रुग्णांची पाहणी उत्तम, असं बाईंचं कौतुक त्यात आहे. पुढे एक ओळ आहे, 'तथापि निरोगी गट कोणत्या आजाराचा आहे, ते नमूद करावे.' सरांनी यावर समिती नेमली आणि समितीने ठरवलं की निरोगी माणसं आता बाहेरून घ्यावीत. त्यातही फावल्या वेळात स्वस्थ बसून वाचणारे घ्यावेत, ते हाताशी सापडतात. हा मजकूर त्यासाठीच काढला आहे. पात्रता एकच आहे, यापूर्वी कधीही तपासणी झालेली नसावी. तपासून निरोगी निघालेला माणूस आमच्या दप्तरात अद्याप नाही. न तपासलेले मात्र हवे तेवढे आहेत. सगळे ठणठणीत, सगळ्यांना स्वतःची पुरेपूर खात्री, आणि या घटकेला गालातल्या गालात हसणारे आपण त्या यादीत पहिले आहात.