मिस्त्रींचा ठोकळा

"उद्या संध्याकाळी ठोकळा तयार. सहाही बाजू काटकोनात आणि मापात. नाही जमलं तर तुझा तो झालरीचा गाऊन घालून गल्लीभर फिरतो, जा," मिलिंग मशीनवर केस पांढरे केलेले मिस्त्री बोलून बसले.

समोरच्या शिंप्याला कापड दाबून ठेवायला विटेएवढा लोखंडी ठोकळा हवा होता. आणि गाऊन? तो गिऱ्हाइकाने नाकारलेला, वर्षभर दुकानात खुंटीला लटकत होता.

"कंबरेत सैल करून ठेवतो," शिंपी शांतपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये मिस्त्रींनी पहिली बाजू सपाट केली. ती ठोकळा आवळून धरणाऱ्या व्हाइसच्या पक्क्या जबड्याला टेकवून दुसरी कापली. गुण्या लावला. फटीतून उजेड, म्हणजे काटकोन चुकला.

"मशीनचं डोकं हललंय." डोकं सरळ करून पुन्हा कापलं. पुन्हा उजेड.

"व्हाइस झिजलीय." कागद घालून कापलं. आता उजेड दुसऱ्या टोकाने. मिस्त्री गुण्यावर डाफरले, मग उजेडावरच डाफरले. असं करत करत विटेची साबणाची वडी झाली.

बायको चहा घेऊन आली, ठोकळा उचलायला गेली आणि तिने हात झटकला. "कडेला केवढी धार ठेवलीय. कापलं असतं ना. ती तरी घासा आधी."

मिस्त्री मटकन स्टुलावर बसले. प्रत्येक कापानंतर कड कानसीने घासायची, नाहीतर ठोकळा जबड्याला नीट टेकतच नाही. कारखान्यात नव्या माणसांना हेच सांगून त्यांचा घसा बसायचा.

"बरंय, मी माझ्या हाताखाली नाही," ते म्हणाले. "केव्हाच हाकललं असतं मला."

कानस फिरली आणि सगळ्या बाजू मुकाट्याने काटकोनात आल्या. शिंप्याने ठोकळा तळहातावर तोलला. "काटकोन झकास. पण मिस्त्री, हा कापडाखाली ठेवायचा की कापडावर?"

संध्याकाळी मिस्त्री गाऊन घालून निघाले. गल्ली दारात उभी. बायको सर्वांत पुढे. "हसा, हसा," मिस्त्री झालर सावरत म्हणाले, "मी आरशात बघून आधीच हसून घेतलंय."

कोपऱ्यावरच्या काकूंनी तेवढ्यात घेर चिमटीत धरला. "कापड चांगलंय की. केवढ्याला दिला?"

गाऊन तिथल्या तिथे विकला गेला. शिंपी मिस्त्रींच्या कानाशी आला.

"उद्या मोकळे आहात का? अजून दोन पडून आहेत."