ब्राउझरची झालर

आमच्या घरात आजवर एकही मेकॅनिक आलेला नाही. आधी मी हात घालतो, आणि मी हात घातल्यावर मेकॅनिकला करण्यासारखं काही उरत नाही. मिक्सर, इस्त्री, दारावरची बेल, सगळ्यांना माझा हात लागलेला आहे. बेल आता वाजत नाही हे खरं. पण त्यामुळे नको ते लोक येत नाहीत, हा फायदा घरात कुणी लक्षात घेत नाही.

त्यामुळे परवा बायको म्हणाली, "अहो, कॉम्प्युटरवरचा ब्राउझर सारखा बंद पडतोय," तेव्हा मी शांतपणे पेपर खाली ठेवला आणि म्हटलं, "दहा मिनिटं दे."

"शनिवारी अकराला माझी मुलाखत आहे त्याच्यावर," ती म्हणाली. "मी त्या खालच्या डॉक्टरीणबाईंना विचारते. सकाळी त्यांचा दवाखाना बंद असतो, त्यांचा कॉम्प्युटर..."

"दाताच्या दवाखान्यात बसून मुलाखत देणार? मी घरात असताना?"

"तुम्ही घरात आहात म्हणूनच विचारते," ती म्हणाली.

या मुलाखतीचं तिला किती महत्त्व होतं, ते सांगायला हवं. पूर्वी ती एका हॉटेलच्या स्वागतकक्षात होती. माझ्या आईच्या आजारपणात तिने नोकरी सोडली. आई गेली, पण नोकरी काही परत आली नाही. वय ऐकून फोन ठेवून देणारे लोक तिने पुष्कळ पाहिले. आता एका प्रवासी कंपनीत घरबसल्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची जागा निघाली होती आणि ही शेवटची फेरी होती. आठवडाभर ती स्वयंपाकघरात भांड्यांशी गोड आवाजात बोलत होती. सराव म्हणून.

तर मी कामाला लागलो. ब्राउझर उघडला. तो आला, जरा वेळ उभा राहिला, धाप लागल्यासारखा थांबला आणि गेला. पुन्हा उघडला, तर त्याने विचारलं, "मागची पानं परत उघडायची का?"

आतल्या खोलीतून बाबा ओरडले, "हो म्हण रे!"

बाबांना एरवी आपण जेवायला बोलावलं तरी ऐकू येत नाही, पण हा प्रश्न पडद्यावर आला की त्यांना भिंतीपलीकडून कळायचं. मी हो म्हटलं. मी यंत्राला कधी नाही म्हणत नाही. ते इतक्या आदबीने विचारतं, आपण नाही म्हणायचं म्हणजे उगाच मन दुखवायचं. ब्राउझर परत आला, धापला आणि पुन्हा गेला.

मग मी शास्त्रशुद्ध उपाय सुरू केले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. डबा उघडून आतून व्हॅक्यूम क्लीनर फिरवला. धूळ बरीच निघाली, शिवाय काहीतरी खळकन नळीत गेलं, पण ते महत्त्वाचं नसावं. डबा बंद करताना एक स्क्रू उरला. दुरुस्तीत स्क्रू उरला की समजावं, कंपनीनेच जास्तीचा दिला होता. तो मी खिशात टाकला. मग ब्राउझर काढून नवाकोरा बसवला. नव्याकोऱ्या ब्राउझरनेही उघडल्या उघडल्या विचारलं, "मागची पानं परत उघडायची का?"

"हो म्हण!" आतून बाबा.

बायको मागे उभी होती. "ही वरची पट्टी कसली आहे हो? बारीक बारीक रेघांची?"

"झालर आहे ती. नव्या कॉम्प्युटरना असते. डिझाइन." असं म्हणून मी त्या झालरीवरून ओलं फडकंही फिरवलं.

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. लग्नाला हो म्हटलं तो दिवस आठवत असावी.

"मला तर वाटतं, काहीतरी उघडं राहिलंय," ती म्हणाली. "या घरात काही बंद करायची पद्धतच नाही. डब्यांची झाकणं उघडी, कपाटाची दारं उघडी, नळ अर्धा उघडा. मी दिवसभर तुमच्या दोघांच्या मागून नुसतं बंद करत फिरते."

"आमचं घराणंच मोकळं आहे," मी म्हटलं.

शनिवार उजाडला. ती इस्त्रीची साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसली. (इस्त्री शेजारून आणली होती.) मुलाखतीचं पान उघडलं, कॅमेरा वापरू का असं त्याने विचारलं, मी मागून वाकून हो म्हटलं, तिचं नाव पडद्यावर आलं आणि ब्राउझर धापला. गेला.

मला वाटलं होतं, ती काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द बोलता आले असते. तिने फक्त चपला घातल्या आणि ती खाली दवाखान्यात गेली. दार तिने नीट बंद केलं.

माझ्या मनाला फार लागलं. मुलाखतीला अवकाश होता आणि माझी बायको परक्या घरच्या कॉम्प्युटरसमोर बसणार होती. स्क्रूड्रायव्हर कानावर अडकवून मी पुन्हा बसलो. उकडत होतं म्हणून शर्ट काढून बनियनवर आलो. पडद्यावर प्रश्न आला, मी हो म्हटलं, आणि या खेपेला तो धापत असताना वैतागून माउसचा बाण त्या झालरीवर नेला.

झालर वाचता येत होती!

एका रेघेवर बाण ठेवला तर आलं, "घरच्या घरी गांडूळखत." पुढच्या रेघेवर, "घोरणे: समज आणि गैरसमज." त्यापुढे, "जगातील सर्वांत वृद्ध कासव." प्रत्येक रेघ म्हणजे एक उघडं पान. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बाबा!"

बाबा आले. आमचे बाबा निवृत्त ग्रंथपाल. दुपारी मी ऑफिसात असताना ते कॉम्प्युटरवर वाचतात, एवढं मला माहीत होतं.

"ही सगळी पानं तुम्ही उघडलीत?"

"वाचतोय मी ती."

"सगळी?"

"थोडी थोडी. अर्धवट वाचलेलं पान मिटू नये. उभा जन्म मी लोकांना हेच सांगितलं."

"अहो, पण यामुळे यंत्राचा जीव जातोय! मी बंद करतोय सगळी."

"कासव ठेव," बाबा म्हणाले. "ते आजारी होतं. पुढे काय झालं ते बघायचंय."

मी कासवासकट सटासट बंद करत सुटलो. बाबा प्रत्येक पानाला हळहळत होते, मी दयामाया दाखवली नाही. अकरा वाजून गेले तेव्हा कुठे दोन-तीनच पानं उरली. ती माझी स्वतःची असणार, म्हणजे महत्त्वाची होती. आणि काय सांगू, ब्राउझर तरतरीत झाला. कॅमेऱ्याशेजारी एक हिरवा दिवाही लागला. यंत्र खूश झालं की दिवा लागतो, हे मी बाबांना समजावून सांगितलं.

"बघा," मी खुर्चीत रेलून म्हटलं. "झालं का नाही दुरुस्त? पण तिला धीर कुठे आहे! म्हणे तक्रारी ऐकायची नोकरी. घरात माझी एक तक्रार ऐकून घेत नाही ती. आणि त्या कंपनीला तरी अक्कल बघा, दुसरं कुणी मिळत नसेल म्हणून बोलावलं असणार."

"हळू बोल," बाबा म्हणाले.

"हळू कशाला? खाली ऐकू जातंय थोडंच?"

"नमस्कार, आपण कोण बोलताय?" कॉम्प्युटर म्हणाला. बाईचा आवाज.

"जाहिरात आहे," मी बाबांना सांगितलं. "ओ बाई, आम्हाला काही नको. सकाळी सकाळी लोकांच्या घरात शिरता, दुसरा उद्योग नाही का तुम्हाला?"

"आहे ना," आवाज म्हणाला. "आम्ही मुलाखत घेतोय."

मी उरलेल्या पानांपैकी एक उघडलं. पडद्यावर चौकटी होत्या. एकीत चष्म्यातले एक साहेब. एकीत त्या आवाजाच्या बाई. एकीत माझी बायको, डोक्यामागे दात तपासायचा मोठा दिवा. आणि चौथीत बनियनमधला एक माणूस, कानावर स्क्रूड्रायव्हर, त्याच्या खांद्यावरून डोकावणारे एक म्हातारे गृहस्थ. या दोघांना कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं.

सगळ्या पानांबरोबर तिचं पानही परत उघडलं होतं. खाली तिच्या नावाने ती बसली होती, वर तिच्याच नावाने मी दार ठोठावलं होतं, आणि त्यांनी मला आत घेतलं होतं.

विनोद बाजूला ठेवून सांगतो, तिचा चेहरा पाहून मला मनापासून वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी एक दार उघडलं होतं, आणि त्यात मी बनियनवर उभा होतो. मी घाबरून दिसेल ते बटण दाबलं. त्याने विचारलं, "तुमचा पडदा सर्वांना दाखवायचा का?" सवयीने हो म्हणून गेलो. सावरायला म्हणून शेजारच्या पानावर गेलो, तर ते सगळ्यांना दिसलं. वर ठळक अक्षरांत होतं: "पत्नी नोकरीला लागल्यास पतीने स्वयंपाक शिकावा का?"

ते बाबांचं नव्हतं.

"अरे, हे मी वाचलं नाही," बाबा पुढे वाकून म्हणाले.

मग बायकोचा आवाज आला. भांड्यांशी बोलताना असायचा तो.

"नमस्कार सर. तुमची गैरसोय झाली, त्याबद्दल मी दिलगीर आहे. मी तुम्हाला मदत करू शकते का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने मला सर कधी म्हटलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

"छान. आता कशालाही हात न लावता मघाच्या आमच्या पानावर या. आलात? खाली कोपऱ्यात लाल बटण आहे. नाही सर, तो कॅमेरा. त्याच्या उजवीकडे. सावकाश, घाई नाही. ते दाबलंत की प्रश्न येईल, बाहेर पडायचं का? तिथे हो म्हणा. सर, तेवढ्या ठिकाणी नक्की हो म्हणा."

मी हो म्हटलं. दिवा विझला.

ती वर आली तोपर्यंत मी घरातली सगळी कपाटं बंद केली होती, डब्यांना झाकणं लावली होती, नळ आवळला होता. फार आवळला, तो आता उघडत नाही.

"काय म्हणाले?" मी दारातच विचारलं.

तिने चपला काढल्या. "शेवटी एक परीक्षा होती. चिडलेला ग्राहक म्हणून त्यांचा एक माणूस येऊन भांडणार होता."

"मग?"

"त्याला त्यांनी परत पाठवलं. म्हणाले, आता गरज नाही, याहून अवघड ग्राहक आमच्याकडे येत नाहीत." मग ती हसली. "सोमवारपासून रुजू व्हायचंय."

मी तिचा हात धरला. खरंच आनंद झाला होता. श्रेय थोडं माझंही आहे, असं म्हणणार होतो, पण तिने ज्या नजरेने पाहिलं ती नजर पाहून तोंड बंद केलं. आमच्या घराण्यात हेही प्रथमच झालं.

आता ब्राउझर झकास चालतो. बाबांनी कासव पुन्हा शोधून काढलंय. ते बरं आहे. तुम्हाला म्हणून सांगतो, माझं ते पान अजून मी बंद केलेलं नाही. अर्धवट सोडलं होतं, काल शेवटपर्यंत वाचलं.

उत्तर 'हो' असं आहे.