बंडेप्पाचा पडदा

ज्वारीच्या पोत्यांना पडदा करायला सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचा बंडेप्पा.

बीदरच्या कोटाबाहेर एका वकीलसाहेबांचं घर होतं. बंडेप्पा तिथं पाणी भरायचा. जनान्याच्या दाराशी थांबायचं, खाकरायचं आणि ‘परदा कर लो, पानी आ रा!’ अशी हाक द्यायची, ही त्या घरची रीत. आतून बेगमसाहेबा म्हणत, ‘आओ बंडेप्पा, धूप में कायकू खड़े?’ मगच पाऊल आत.

पोलीस ॲक्शननंतर वकीलसाहेब कुटुंब घेऊन हैदराबादेला गेले. पुढं कुठं गेले, कुणाला ठाऊक नाही. घर सरकारजमा झालं. बंडेप्पा मात्र तिथंच पाणी भरत राहिला, आणि रीत काही त्यानं सरकारजमा होऊ दिली नाही.

आधी तिथं लष्कराचे कप्तान राहिले. दाढी करताना ही आरोळी ऐकून त्यांनी म्हणे बंदूकच उचलली. मग धान्याचं गोदाम झालं. पोती ‘आओ’ म्हणत नाहीत, म्हणून बंडेप्पा दारात थोडा वेळ थांबून आत शिरे. शेवटी आमची शाळा आली आणि चौथीचा वर्ग नेमका जनान्यात भरू लागला. एकदा तपासणीला आलेले साहेब जुन्या हैदराबादी वळणाचे होते. ते वर्गात शिरणार, तोच मागून बंडेप्पाची हाक आली. आत बायका आहेत असं समजून साहेब पाठ फिरवून तडक अंगणात, आणि त्यांच्यामागं आम्ही सगळे मास्तर! चौथीची तपासणी राहिली ती राहिलीच.

छप्पन्न साली एका व्यापाऱ्यानं घर विकत घेतलं. शाळा हलली. व्यापाऱ्याला पाणक्या नको होता. हुलसूरहून बंडेप्पाचा लेक बैलगाडी घेऊन बापाला न्यायला आला, तर हा फाटकाशी बसून राहिलेला.

“अप्पा, पगार न्हाई, खोली न्हाई. हितं कामून बसायलास?”

“बेगमसाहेबा आल्या तर?”

मीही समजावून समजावून वैतागलो होतो. म्हणालो, “आल्या तर कळवू की तुला. दिसायला कशा आहेत, तेवढं सांगून ठेव.”

बंडेप्पा खाली बघत म्हणाला, “कसं सांगू, मास्तर? वीस वर्सं पाणी भरलं, एकदाबी बघितलं न्हाई. रस्त्यात समोरून गेल्या तर मलाच वळखू यायच्या न्हाईत. हितं दारात यून बोलल्या, तर आवाज वळखीन.”

 

लेकानं बैल सोडले आणि तोही बापाशेजारी येऊन बसला.